नळराजा, साळुंके आणि मी

२०१८ साली फेब्रुवारी महिन्यात 'गुलाबजाम' नावाचा मराठी चित्रपट आला आणि आमच्या घरात इतिहास-संशोधनाला सुरुवात झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणीही विचारील. मलाही तो लगेच कळला नव्हता.

सचिन कुंडलकरांचा तो चित्रपट आम्ही नागपूरला मुलीकडे गेलो असताना पाहिला. आदित्य नावाचा एक तरुण लंडनमधली बँकेतली नोकरी सोडून पुण्याला येतो आणि डबे करून देणाऱ्या राधा आगरकर नावाच्या बाईंकडे मराठी स्वयंपाक शिकायचा हट्ट धरून बसतो. आदित्य म्हणजे सिद्धार्थ चांदेकर आणि राधाबाई म्हणजे सोनाली कुलकर्णी. बाई तिरसट, पोरगा चिवट. मग हळूहळू फोडण्या बसतात, पुरणं वाटली जातात, आणि भांड्यांच्या आवाजात त्या दोघांत काहीतरी उगवतं. प्रेम म्हणावं तर प्रेम आहे, न म्हणावं तर पोटभर जेवण आहे. मला चित्रपट आवडला. मध्यंतरात मी दोन सामोसे खाल्ले, यावरून तो किती आवडला हे लक्षात यावं.

सौ. मात्र चित्रपटभर गप्प होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली की माणसाला बायकोच्या बोलण्याची नाही, गप्प बसण्याची धास्ती वाटते. बाहेर आल्यावर ती म्हणाली,

"तो मुलगा लंडनहून आला."

"हो ना."

"स्वयंपाक शिकायला."

"हो ना!"

"आपलं स्वयंपाकघर तुमच्या खुर्चीपासून अकरा पावलांवर आहे. मी मोजली आहेत."

अडचणीत सापडलेला मराठी माणूस इतिहासात शिरतो. तिथे वर्तमानातलं कुणी त्याच्यामागे येत नाही. मीही शिरलो. गोंदियाला परत आल्यावर मी वही घेतली, पहिल्या पानावर 'पाकशास्त्र, प्रेम व पुरुष : एक ऐतिहासिक आढावा' असं मथळ्याखाली दोन रेघा ओढून लिहिलं, आणि पुरुषजात पूर्वापार स्वयंपाक करीत आली आहे, माझ्यापाशीच काय तो थोडा खंड पडला, हे सिद्ध करायला बसलो. पंधरा दिवस बसलो. त्या पंधरा दिवसांत सौ.ने मला चहा जागेवर आणून दिला, कारण विषय स्वयंपाकाचा होता.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जाहीर वाचन ठेवलं. श्रोते दोन. सौ. आणि माझी आई. आई तेव्हा ऐंशीची होती. दाराशी पाय पसरून ती शेंगा सोलत होती.

पहिलं प्रकरण नळराजाचं. मी खाकरून म्हणालो, "प्रेम आणि स्वयंपाक यांची गाठ पहिल्यांदा पुण्यात पडली, असा पुणेकरांचा समज होण्याचा संभव आहे. तो खोडून काढणं हे प्रत्येक वैदर्भीयाचं कर्तव्य आहे. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिचं माहेर कुंडिनपूर. हल्लीचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर ते हेच, असं मानतात. म्हणजे जगातली पहिली पाककलाप्रधान प्रेमकथा आपल्याकडची आहे!"

कथा वाचकांना ठाऊक आहेच. नळराजा द्यूतात राज्य हरतो, रानात बायकोला झोपेत टाकून जातो, आणि पुढे बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी राहतो. दमयंती माहेरी येते, नवऱ्याचा शोध लावते, आणि दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्या सारथ्याला ऋतुपर्णासकट कुंडिनपूरला आणवते. पण हा कुरूप माणूस आपला नळच, हे ओळखायचं कसं? ती दासीकरवी बाहुकाने शिजवलेल्या मांसाचा एक तुकडा मागवते. (कीर्तनकारबुवा इथे नुसतं 'अन्न' म्हणतात.) तुकडा जिभेवर ठेवते, आणि नवरा ओळखते! चेहरा बदलला, उंची बदलली, रंग बदलला, पण हाताची चव बदलली नाही. नलपाक हा शब्द उगीच नाही रूढ झाला. 'पाकदर्पण' नावाचा स्वयंपाकावरचा संस्कृत ग्रंथसुद्धा याच नळराजाच्या नावावर आहे.

"सुंदर आहे," सौ. म्हणाली. मी विजयी मुद्रेने पान उलटणार तोच तिने विचारलं, "त्याला देवांनी वर दिले होते ना हो काही?"

होते. मी ते प्रामाणिकपणे वहीत लिहिलेही होते. स्वयंवराच्या वेळी वरुणाने त्याला हवं तिथे पाणी दिलं, अग्नीने हवा तिथे विस्तव दिला आणि यमाने हाताला चव दिली. दमयंतीची दासी केशिनी चोरून पाहून येते तेव्हा हेच सांगते, की त्याने नुसतं पाहिलं तरी रिकामे घडे पाण्याने भरतात, आणि मूठभर गवत हातात धरलं की ते पेटतं.

"म्हणजे पाणी आयतं भरलेलं आणि चूल आयती पेटलेली," सौ. म्हणाली. "एवढी तयारी करून दिली तर पुरुष स्वयंपाक करतो, हे मलाही माहीत आहे. मागे तुम्ही ऑम्लेट केलं होतं."

त्या ऑम्लेटचा कांदा तिने चिरला होता, अंडी तिने फोडली होती आणि कढई तिने घासली होती. मी ते उलटवलं होतं. इतिहासात उलटवणाऱ्याचं नाव राहतं.

मी घाईने दुसऱ्या प्रकरणाकडे वळलो. हे प्रकरण माझा हुकमी पत्ता होतं. "भारतीय चित्रपटाची पहिली नायिका कोण?" मी विचारलं. सौ.ने दोन-तीन नावं घेतली. मी मान हलवत राहिलो आणि मग म्हणालो, "अण्णा साळुंके! पुरुष! आणि व्यवसायाने कोण? आचारी!"

आईने शेंग सोलणं थांबवलं. या वयात तिला कुणी थक्क करत नाही, म्हणून मला बरं वाटलं.

हकिगत खरी आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. नाटकातसुद्धा पुरुषच लुगडी नेसत, तिथे या नव्या यंत्रापुढे कोण उभी राहणार? फाळके हिंडून हिंडून दमले आणि मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात चहाला बसले. तिथला एक तरुण आचारी त्यांच्या नजरेत भरला. नाजूक बांधा, लांबसडक बोटं. त्याला तिथे महिना दहा रुपये मिळत आणि फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. साळुंके आले, मिशी उतरवली, आणि ३ मे १९१३ या दिवशी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात भारतीय पडद्यावरची पहिली राणी लोकांसमोर आली. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामं एकट्याने केली. ज्या दृश्यात दोघं एकत्र येणार, तिथे फाळक्यांचे काय हाल झाले असतील ते तेच जाणोत. पण एका आचाऱ्याने भट्टी सोडली आणि हिंदुस्थानातल्या प्रेक्षकांना अख्खं रामायणी दांपत्य मिळालं, याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

"आचारी गेला म्हणता," सौ. म्हणाली. "मग त्या सगळ्या मंडळींचं जेवण कोण करत होतं?"

मी वहीत पाहिलं. उत्तर वहीत होतं. समासात, बारीक अक्षरात.

फाळक्यांच्या मंडळीत साठ-सत्तर माणसं. दादरच्या त्यांच्या घरातच कारखाना, घरातच वस्ती आणि घरातच पंगत. तो स्वयंपाक करत होत्या सरस्वतीबाई फाळके. नुसता स्वयंपाकच नव्हे. भांडवल पाहिजे होतं तेव्हा त्यांनी दागिने काढून दिले. सावकाराला पटावं म्हणून फाळक्यांनी आधी एका छोट्या पेरलेल्या दाण्यातून वेल कसा उगवतो याचं चित्रण केलं, तेव्हा तो वेल घरातच वाढत होता. दिवसा त्या उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत. रात्री सगळे झोपले की फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं पाडत बसत. रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, आणि सकाळी पुन्हा साठ-सत्तर माणसांचा भात. फाळक्यांनी तारामतीचं काम त्यांनाच करायला सांगितलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं, अशीही आठवण सांगतात. नाही तर काय म्हणणार? राणी जर रानात गेली तर वरण कोण उतरवणार?

मुलगा भालचंद्र चित्रपटात रोहिदास झाला. नवरा भारतीय चित्रपटाचा जनक झाला. आचारी महाराणी झाला. सरस्वतीबाई पडद्यावर आल्या त्या परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त, विभावरी देशपांड्यांच्या रूपाने. साल २००९. 'राजा हरिश्चंद्र'नंतर शहाण्णव वर्षांनी.

मी हे समासातलं मोठ्याने वाचलं तेव्हा सौ. काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. पुरुषाने स्वयंपाक केला की त्याचा इतिहास होतो आणि बाईने केला की जेवण होतं, एवढा साधा निष्कर्ष माझ्याच वहीत पंधरा दिवस पडून होता. मी त्यावर शाई सांडू नये म्हणून टीपकागद ठेवला होता.

तरीपण तिसरं प्रकरण बाकी होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी राजेश खन्नाचा घेतला. हृषीकेश मुखर्जींचा 'बावर्ची', साल १९७२. भांडकुदळ शांतिनिवासात एक रघू नावाचा स्वयंपाकी येतो आणि चारी ठाव रांधता रांधता विस्कटलेलं घर जोडून जातो. मूळ गोष्ट तपन सिन्हांच्या बंगाली चित्रपटाची. तो चित्रपट बाबांनी आम्हा चौघा भावंडांना गोंदियाला दाखवला होता. मी तेव्हा अकरा वर्षांचा. मी आईला म्हणालो, "आठवतो ना? राजेश खन्नाचा."

"मी नाई पाह्यला," आई शेंगा सोलत म्हणाली. "तुमी पाह्यला. मी घरी होती. तुमी आल्यावर जेवनार नव्हते का?"

आणि मला लख्ख आठवलं. थिएटरातून घरी आल्यावर आम्ही चौघं चुलीपुढे पाट घेऊन बसलो होतो, आणि राजेश खन्ना स्वयंपाक कसा भराभर करतो, हे तिला हातवारे करून सांगत होतो. ती आमच्या ताटात भात वाढत होती. सगळी हकिगत तिने मन लावून ऐकली आणि शेवटी विचारलं, "भांडे कोन घासते त्यात?"

सारवासारव करायची म्हणून मी म्हणालो, "पण आई, सिनेमा नसेल पाहिला, नाटकं तर किती पाहिलीस! मंडईची एक रात्र चुकली नसेल तुझी."

आता मंडई म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. पुण्याच्या वाचकाला मंडई म्हटलं की कोथिंबिरीची जुडी दिसते. (जिला आम्ही सांबार म्हणतो आणि पुण्याचा पाहुणा दचकतो.) आमच्या पूर्व विदर्भातली मंडई निराळी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला, पण मंडईने ती फाळणी कधी मानली नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भाताच्या आणि तळ्यांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, हलका धान कापून झाला, की गावोगाव मंडया भरू लागतात. दिवसा जत्रा. रात्री दंडार, खडी गंमत आणि नाटक. झाडीपट्टीची नाटकं हा एक मोठा संसार आहे. गडचिरोलीतलं वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं ठाणं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्री सुरू होतं आणि तांबडं फुटल्यावर संपतं. त्याहून लवकर संपलं तर प्रेक्षकांना पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात.

आणि मंडईला पाहुणे येतात. लेकी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, मित्रांचे साडू येतात. नाटक हे निमित्त. खरं काम सोयरिकीचं. "तुमची पोरगी यंदा मॅट्रिकला ना?" असं सहज विचारायचं, आणि तिने वाढलेल्या वांग्याच्या भाजीवरून काय ते ताडायचं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावात किती लग्नं मंडईच्या पंगतीत जमली याची मोजदाद नाही. प्रेम, स्वयंपाक आणि कुटुंब यांचा एवढा मोठा खेळ दरवर्षी होत असताना आमच्या भागात त्यावर कुणी चित्रपट काढला नाही, कारण सगळे तेव्हा जेवत असतात.

तर आई म्हणाली, "पाह्यले ना. खूप पाह्यले. पन मले सगळ्या नाटकायचा शेवट मालूम हाये, बाबू. सुरवात मातर एकाची बी नाई."

मला आधी कळलंच नाही. सौ.ला कळलं. तिने वाटाण्याच्या... माफ करा, शेंगांच्या सुपात हात घातला आणि आईबरोबर मुकाट्याने शेंगा सोलू लागली.

चाळीस-पन्नास पाहुण्यांच्या पंगती उठायच्या. मग बायकांची पंगत. मग भांडी, चूल सारवणं, सकाळच्या आंबिलाची, दह्याची तजवीज. हे सगळं आवरून आई नाटकाला पोहोचायची तेव्हा पहाटेचे तीन-चार वाजलेले. शेवटचा अंक चालू. कुणीतरी कुणाच्या तरी पायावर पडतंय, बंदूक सुटतेय, नायिका मरतेय. ती कोणाची मुलगी, बंदूक कोणी मारली, आणि पायावर पडणाऱ्याचा गुन्हा काय, हे आईला कधी कळलं नाही. शेजारणी रडतात, त्याअर्थी रडायचं. अशी तिने चाळीस वर्षं नाटकं पाहिली, आणि आम्ही पुढच्या रांगेत सतरंजीवर बसलेलो असायचो.

वही मी मिटून ठेवली.

त्या वर्षी दिवाळीनंतर मंडईला गावी भावाकडे गेलो, तेव्हा मी ओसरीवर उभा राहून जाहीर केलं, की आज सयपाक मी करणार. धाकटा भाऊ म्हणाला, "काहून? वहिनीची तब्येत बरी नाई का?" मी त्याला हाताखाली घेतलं. दोन पुतणे घेतले. सौ.ने माझ्या हातात तिची 'रुचिरा' ठेवली. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७०चं. लग्नात तिच्याबरोबर आलेलं, आणि हळदीने तिच्या इतकंच आमच्या घरचं झालेलं. त्यात सगळी मापं वाटीची. पाहुणे पन्नास. मी कागदावर गुणाकार मांडले. तांदूळ गुणला, तेल गुणलं, तिखट गुणलं. मीठ मात्र 'चवीनुसार' होतं. चवीनुसारला पन्नासने कसं गुणतात हे कुठल्याही अंकगणितात नाही.

त्या दिवशीचा सविस्तर वृत्तांत देत नाही. ज्या जिल्ह्याचा तांदूळ देशभर जातो, त्या जिल्ह्यात जन्मून साठीला आलेल्या माणसाने भाताचा मोठा गंज खालून करपवला आणि वरून कच्चा ठेवला, हे एका भांड्यात एकाच वेळी साधणं सोपं नाही. बरबटीचे वडे पुतण्याने तळले म्हणून ते बरे झाले. वांग्याची भाजी माझी. थोरल्या जावयांनी पहिला घास घेतला आणि पाणी मागितलं. दुसरा घास घेतला आणि नाटक कुठलं आहे याची चौकशी केली.

आई पहिल्या पंगतीला बसली. असं आमच्या घरी पूर्वी घडलेलं नव्हतं, त्यामुळे बाकीच्या बायका जरा अंग चोरून बसल्या होत्या. मी वाढत वाढत तिच्यापाशी आलो तर तिने भाजीसाठी पुन्हा ताट पुढे केलं.

"चांगली झाली का गं?" मी विचारलं.

"नाई रे. खारट झाली," ती म्हणाली. "पन वाढनारा कोनी हाये, तं घेऊन राह्यली."

रात्री दहाला सौ. आणि सगळ्या बायका आईला घेऊन नाटकाला गेल्या. पुढच्या रांगेतली खुर्ची धरली होती. मी घरी. भांडी किती होती म्हणता! पन्नास माणसांची ताटं एवढी असतात, हे मला ताटावर बसून कधी दिसलं नव्हतं. करपलेला गंज राख लावून घासता घासता तिकडून नांदीचे सूर ऐकू आले, मग टाळ्या, मग हशा. कशाला हसले कुणास ठाऊक. भाऊ दोनदा डुलकला. शेवटचं पातेलं उपडं घातलं तेव्हा साडेतीन झाले होते.

मांडवात पोहोचलो तर शेवटचा अंक सुरू होता. एक म्हातारा एका तरुणाच्या पायावर पडत होता आणि एक बाई किंचाळत होती. कोण कुणाचं काय, काही पत्ता लागेना. शेजारची माणसं रुमालाने डोळे टिपत होती. मीही टिपले. आई खुर्चीत पाय वर घेऊन, डोक्यावर पदर ओढून गाढ झोपली होती.

नाटक संपलं. पहाटेच्या धुक्यात तळ्याच्या पाळीवरून आम्ही घरी निघालो. आईने माझा हात धरला होता. हाताला राखेचा वास होता, पण ती काही बोलली नाही. चालता चालता तिनेच पडदा वर गेला तिथपासून सुरुवात केली. तो म्हातारा पाटील, ती त्याची टाकलेली बायको, पोरगा लहानपणी जत्रेत हरवलेला, सगळं आलं. पहिल्या अंकातला विनोद सांगताना ती दोनदा थांबून हसली. ऐंशी वर्षांच्या बाईला सुरुवात सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत आली, आणि "मंग मले झोप लागली," म्हणाली.

"मग पुढचं मी सांगतो," मी म्हणालो. "शेवटी काय होतं, तर तो म्हातारा..."

"राहू दे बाबू," आई म्हणाली. "शेवट मले मालूम हाये."